गस्तीच्या गाडीवरचा भोंगा गप्प बसतो

मी भोंगा बोलतोय. पोलिसांच्या गस्तीच्या गाडीवर, टपाच्या बरोबर मधोमध बसलेला असतो ना, तोच मी. अहो, कानांवर हात कशाला ठेवताय? आज मी हळू बोलणार आहे. म्हणजे प्रयत्न तरी करणार आहे, कारण काल आमच्या प्रभागाच्या सभेत जे झालं, ते ऐकल्यापासून माझ्या मनात नुसत्या आनंदाच्या उकळ्या फुटताहेत! कधी एकदा तुम्हाला सांगतो असं झालंय. पण एकदम शेवटाला हात घातला तर तुम्हाला काही कळायचं नाही, म्हणून जन्मापासूनच सुरू करतो.

माझा जन्म एका कारखान्यातला. मूल जन्मल्यावर रडलं की तुम्हा माणसांचा जीव भांड्यात पडतो, आमच्याकडेही तसंच. आम्हाला लांबलचक टेबलावर ओळीने मांडायचे आणि एकेकाला तार जोडून बघायचे. तपासनीस बाई कानांत कापसाचे बोळे घालून उभ्या. माझ्या शेजारचा जरा घोगरा निघाला, त्याला बिचाऱ्याला बाजूच्या खोक्यात टाकलं. मग माझी पाळी आली आणि मी जी काही आरोळी ठोकली, की बाईंच्या हातातली पेन्सिलच खाली पडली! त्या हसल्या आणि म्हणाल्या, "हा गाव डोक्यावर घेणार बघा." आयुष्यातली ती माझी पहिली शाबासकी. तिच्या जोरावर मी कितीतरी वर्षं छाती काढून बसलो होतो.

मला एका निळ्या गाडीवर बसवलं. गाडी चालवणारे हवालदार म्हणजे तात्या. पोट स्टिअरिंगला टेकलेलं, मिशा पांढऱ्या, आणि उजव्या हाताचा अंगठा कायम माझ्या बटणाशी. तात्यांना बोलायचा कंटाळा. समोर म्हैस आडवी आली, ट्रक आला, कुणी रस्त्यात गप्पा मारत उभा राहिला, की तात्या काच खाली करायचे नाहीत, मला वाजवायचे. आमची जोडी छान जमली होती.

त्या वेळचे आमचे साहेब फार शिस्तीचे. त्यांचं घर बाजाराच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर. गस्त झाली की नाही हे ओळखायची त्यांची एक खास पद्धत होती. संध्याकाळी गॅलरीत खुर्ची टाकून बसायचं आणि कान द्यायचा. बाजाराच्या कोपऱ्यावर भोंगा वाजला, बँकेपाशी वाजला, शाळेपाशी वाजला, म्हणजे गस्त झाली! एखादा कोपरा राहिला तर दुसऱ्या दिवशी तात्यांची हजेरी घ्यायचे.

तात्या काही दूधखुळे नव्हते. त्यांनी तेवढे तीन कोपरे पाठ केले. तिन्ही ठिकाणी मला मनसोक्त वाजवायचे आणि मग गाडी पाण्याच्या टाकीमागे उभी करून डोळे मिटायचे. मागच्या गल्ल्यांत आम्ही गस्तीला कधी गेलोच नाही. तिथून साहेबांना ऐकू कुठे जाणार?

पण साहेबांनाच कान होते असं थोडंच आहे, चोरांनाही होते. शाळेपाशी भोंगा वाजला की मागच्या गल्ल्या मोकळ्या, हे त्यांनी दोन-चार दिवसांतच हेरलं. सायकली जायला लागल्या, गॅसच्या टाक्या जायला लागल्या, दुकानांच्या मागच्या कड्या तुटायला लागल्या. आमच्या बाजारात एक किराणा दुकानदार आहे, पक्का व्यवहारी माणूस. मी वाजून गेलो की तो नोकराला ओरडून सांगायचा, "भोंगा गेला रे, आता मागचं कुलूप बघून ये!" चोऱ्या वाढल्या तसे साहेब चिडले आणि त्यांनी हुकूम काढला की यापुढे आणखी जोरात वाजवा. मी तर जाम खूश! लोक आमच्याकडे बघून "उथळ पाण्याला खळखळाट फार" म्हणायचे. ते कुणाला उद्देशून आहे हे न कळण्याइतका मी बावळट नाही, पण मनावर घेतलं नाही.

आता मावशींबद्दल सांगायला हवं. मागच्या गल्लीत, तोंडापासून तिसरं दार, तिथे त्यांचं शिवणकामाचं दुकान आहे. सगळा बाजार त्यांना मावशी म्हणतो. नवरा लवकर गेला, एकुलता एक मुलगा आईबरोबर दुकानात. मुलगा म्हणजे चांगला बाप्या, चौकटीला डोकं लागेल एवढा उंच, म्हणून सगळे त्याला लंबू म्हणतात. कापड कापावं तर त्यानेच! खडूची रेघ न ओढता मोठी कात्री सरळ न्यायचा, आणि बायका पाय दुखले तरी उभ्या राहून बघायच्या.

पण लंबूला एक दुखणं आहे, मनाचं. आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात त्या चालू असल्या की बरा असतो. गोळ्या चुकल्या की झोप जाते, भिंतीतून कुणीतरी बोलतंय असं वाटायला लागतं, मग दार लावून घेतो, कापडाचे तागे फेकतो. एकदा असंच झालं. मावशी एकट्या, त्यांना आवरेना. मदतीसाठी फोन करायचा एकच नंबर त्यांना ठाऊक होता, तो त्यांनी लावला.

आणि आम्ही गेलो. मी सगळ्या वाटेवर गळा फाडून ओरडत गेलो आणि तसाच गल्लीत शिरलो. लंबू दोन्ही कानांवर हात दाबून दुकानातून बाहेर धावला. पळतोय म्हणजे काहीतरी केलेलं असणार, असा आमच्या शिपायांचा हिशोब. चौघांनी धरून पाडला, हात मागे पिरगाळला, बेड्या घातल्या. हात कोपरात मोडला हे दुसऱ्या दिवशी कोठडीत कळलं. तो पुढे वाकडाच जुळला. मोठी कात्री आता त्या हातात ठरत नाही.

मावशी ठाण्यात आल्या, तेव्हा गाडी पायरीलाच उभी होती. त्या रडल्याबिडल्या नाहीत. म्हणाल्या, "मी मदत मागितली होती हो. माझ्या पोराचं पोट त्या हातावर होतं. आता डोळ्यांदेखत काहीही होऊ दे, तुम्हाला फोन करणार नाही." साहेब म्हणाले, जे झालं ते नियमाने झालं. मावशी गेल्या, आणि मागच्या गल्लीतून आम्हाला फोन यायचेच बंद झाले. साहेबांना वाटलं, गल्ली सुधारली.

मग साहेबांची बदली झाली आणि मॅडम आल्या. इथून पुढे जरा सावरून बसा, कारण मजा इथूनच आहे!

पहिल्याच संध्याकाळी मॅडम तात्यांच्या शेजारी येऊन बसल्या. "चला, गस्त दाखवा." तात्यांनी गाडी काढली, बाजाराच्या कोपऱ्यावर आले आणि सवयीप्रमाणे मला वाजवलं.

"काय झालं? कुणी दिसलं का?" मॅडमनी दचकून विचारलं.

"नाही मॅडम, गस्त आहे ना."

"मग वाजवलात कशासाठी?"

"गस्त घातली हे कळायला नको?"

"कुणाला?"

तात्यांनी सवयीने वर बघितलं. जुन्या साहेबांच्या गॅलरीत आता दुसऱ्या कुणाचे तरी कपडे वाळत होते. मॅडम एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की डोळे पुसावे लागले. मग गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "तात्या, म्हणजे इतकी वर्षं आपण चोरांना आपला पत्ता सांगत फिरतोय. उद्यापासून गाडी ठाण्यात ठेवायची. मी आणि तुम्ही पायी."

"पायी?" तात्या पोटाकडे बघत म्हणाले.

"पायी. मागच्या गल्ल्यांतून."

माझं काय होणार याची मला त्या रात्री काळजी लागली. पण खरा घोर पुढे होता.

आमच्या शहरात त्या वर्षी नवीनच नियम आला. सुरक्षेसाठी प्रभागाला जो निधी मिळतो, तो कशावर खर्च करायचा हे वरून न ठरवता लोकांना विचारून ठरवायचं. शाळेच्या मोठ्या खोलीत सभा भरली. गाडी खिडकीलाच लावलेली, त्यामुळे मला शब्द न् शब्द ऐकू येत होता आणि समोरचा पडदाही दिसत होता. मुख्य कार्यालयाचे एक अधिकारी आले होते. त्यांनी पडद्यावर चित्र लावलं. ही भली मोठी काळी गाडी, खिडक्यांना जाळ्या, पुढे लोखंडी अडसर आणि टपावर एक नाही, दोन नाही, तीन भोंगे! माझा नुसता जळफळाट झाला.

"सगळा निधी यात जाईल, पण प्रभागाला अशी गाडी मिळेल की गुन्हेगार थरथर कापतील," अधिकारी म्हणाले.

"बरोबर आहे!" किराणा दुकानदार उठला. "वचक पाहिजे, वचक!"

तेवढ्यात आरोग्य केंद्रातल्या सिस्टर उभ्या राहिल्या. सिस्टर म्हणजे तिखट काम. इंजेक्शन देताना लहान मुलांशीसुद्धा खोटं बोलत नाहीत, दुखणार आहे म्हणून सांगतात. त्या म्हणाल्या, "वचक इतकी वर्षं होताच की. तुमची मागची कडी किती वेळा तुटली?" सगळी खोली हसली. "त्या एका गाडीच्या पैशांत मागच्या सगळ्या गल्ल्यांत दिवे लागतील. आणि माझ्यासारख्या दोघीजणी पोलिसांबरोबर फिरतील. कुणाचं डोकं बिघडलं, कुणी म्हातारं हरवलं, कुणाच्या घरात भांडण पेटलं, तर शिपायांच्या आधी आम्ही बोलू. गाडी आहे ती चालेल, जुनी झाली म्हणून काय झालं. फक्त तो वरचा भोंगा तेवढा गप्प करा."

गप्प करा? मला? मी खिडकीबाहेर लालबुंद झालो.

मागच्या बाकावरून मावशी उठल्या. त्या सभेला येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पदराचं टोक चाचपत म्हणाल्या, "मला गाड्यांतलं काही कळत नाही. मला एकच विचारायचंय. माझा मुलगा परत तसा झाला, तर मी बोलवू कुणाला?"

दुकानदारसुद्धा खाली बसला. शेवटी मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "मावशी, याचं उत्तर शोधायला हवं. मला सहा महिने द्या."

तेवढंच ठरलं. सहा महिने सिस्टरांच्या पद्धतीने करून बघायचं, एका गल्लीत दिवे लावायचे, आणि मग पुन्हा सभा घेऊन हात वर करायचे. जमलं तर पुढे चालू, नाही तर तीन भोंग्यांची गाडी.

आणि काय सांगू तुम्हाला, काय दिवस होते ते! गाडीच्या मागच्या जाळ्या काढल्या, बाकावर गादी आली. तात्या सकाळ-संध्याकाळ गल्ल्यांतून चालत होतेच. आधी धापा टाकायचे, मग पट्ट्याला नवीन भोक पाडावं लागलं! चोरांची तर फारच पंचाईत झाली. भोंगा वाजेना, त्यामुळे पोलीस कुठे आहेत हे कळेना. एकजण दुकानदाराच्याच मागच्या खिडकीतून पाय बाहेर काढत होता, तर खाली नव्या दिव्याच्या उजेडात तात्या उभे. "उतर सावकाश," तात्या म्हणाले, "हात देऊ का?"

सिस्टर आणि तात्या फोन आला की निघायचे. घर विसरलेले आजोबा, पाण्यावरून डोकी फोडायला निघालेले दोन भाडेकरू, रागाने माळ्यावर चढून बसलेली सून. सिस्टर आधी बसायच्या. कुणाच्याही दारात गेल्या की पहिल्यांदा बसायच्या आणि मग बोलायच्या. तात्या म्हणायचे, "सिस्टर, पोलीस कधी बसतो का?" तर त्या म्हणायच्या, "उभ्या माणसाला कुणी खरं सांगत नाही." हळूहळू तात्याही पायरीवर टेकायला शिकले.

माझी तार मात्र अजून जोडलेलीच होती. ती काढायची परवानगी मुख्य कार्यालयातून यायची होती आणि ती काही येत नव्हती. बटण जिवंत, तात्यांचा अंगठाही सवयीने अधूनमधून तिकडे वळायचा, आणि मी आशेने श्वास भरून घ्यायचो. कुणी वाजवत नव्हतं. मी रुसून बसलो होतो, खरं सांगतो.

आणि मग ती दुपार आली.

फोन किराणा दुकानदाराचा. आवाज ठाण्याच्या आवारापर्यंत ऐकू येत होता. "लंबूने दार लावून घेतलंय! हातात मोठी कात्री आहे! फौज पाठवा फौज, लवकर, नाही तर आम्हीच दार फोडतो!"

मावशींनी फोन केलाच नव्हता.

तात्या आणि सिस्टर धावतच गाडीत बसले. बाजाराचा दिवस, रस्त्यात ही गर्दी! त्यात एक ट्रक आडवा लावून पोती उतरवत होते. आम्ही अडकलो. तिकडे लोक दार फोडणार, आत लंबू कात्री घेऊन. तात्यांना घाम फुटला आणि त्यांचा अंगठा बटणावर आला. मी छाती भरून घेतली. आता तरी माझी गरज आहे ना!

"तात्या, हात काढा," सिस्टर म्हणाल्या.

"अहो, वेळ कुठे आहे?"

"आवाज गल्लीत ऐकू जाईल. तो ऐकला की त्याचं काय होतं ते तुम्ही बघितलंय."

तात्यांनी अंगठा उचलला. आणि मग त्यांनी असं काही केलं, जे त्यांनी नोकरीत कधी केलं नव्हतं. त्यांनी काच खाली केली आणि डोकं बाहेर काढलं. "अहो दादा, वाट द्या! मावशींकडे जायचंय! लंबूला बरं नाही!"

शेजारच्या फळवाल्याने वर बघितलं. तो पुढच्या भांडीवालीला म्हणाला, ती चपला विकणाऱ्याला म्हणाली, "सरका रे, मावशींकडे निघालेत." शब्द आमच्या पुढे पुढे धावायला लागला! हातगाड्या उचलल्या गेल्या, पोती बाजूला झाली, ट्रकवाला न सांगता मागे सरकला. कुणी ओरडत नव्हतं आणि तरी वाट होत होती. मी टपावर बसून थक्क होऊन बघत होतो. मला इतक्या वर्षांत एवढ्या झटपट वाट कुणी दिली नव्हती!

गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबली. दुकानासमोर दहा-बारा माणसं, दोघांच्या हातांत पहारी. मावशी दाराला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभ्या. आमची निळी गाडी दिसताच त्या किंचाळल्या, "नाही! कुणी हात लावायचा नाही त्याला!"

सिस्टर चालत गेल्या. आधी गर्दीकडे वळून म्हणाल्या, "दार कुणी फोडायचं नाही. सगळे इथे आलात, दुकानं उघडी टाकलीत वाटतं?" दुकानदार पैशांच्या गल्ल्याच्या आठवणीने जो पळाला, त्याच्यामागे निम्मी गर्दी पळाली. मग सिस्टर मावशींना म्हणाल्या, "तुम्ही दारातून हलू नका. इथेच बसू आपण दोघी." आणि खरंच पायरीवर बसल्या.

तात्यांनी टोपी काढून गाडीत ठेवली आणि खिडकीपाशी गेले. आतून लंबूचा आवाज आला, "तो आलाय का?"

"कोण रे?"

"तो. वरचा. ओरडणारा."

म्हणजे मी! बाकी कुणाचं नाव नाही, माझं! मी टपावर गारठलो.

तात्या खोटं बोलले नाहीत. "आलाय. पण गप्प बसलाय. तूच बघ."

खिडकीच्या पडद्याची कड सरकली आणि एक डोळा माझ्यावर येऊन थांबला. "तो आधी गप्पच असतो," लंबू म्हणाला. "मग ओरडतो."

तात्या मागे वळले. मग गाडीपाशी आले, किल्ली काढली आणि परत जाऊन ती खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली. "ही गाडीची किल्ली. हिच्याशिवाय तो वाजत नाही. तुझ्याजवळ ठेव. तू सांगशील तेव्हाच गाडी चालू होईल."

सरकारी गाडीची किल्ली! तात्या, तुमची नोकरी जाईल, असं मला ओरडून सांगावंसं वाटत होतं. पण आत एक वाकडा हात पुढे आला, त्याने किल्ली उचलली, आणि लंबू माझ्याकडे बघत राहिला. केवढा वेळ बघत होता! किल्लीशिवाय मी काय वाजणार म्हणा, पण तुम्हाला शपथेवर सांगतो, किल्ली असती आणि कुणी बटण दाबलं असतं, तरी त्या क्षणी माझ्या तोंडून आवाज फुटला नसता.

मग कट्ट्यावर कात्री आली. लंबूने ती अलगद ठेवली, मुठी बाहेर आणि टोक आत, शिंपी एकमेकांना देतात तशी. टेबल सरकल्याचा आवाज झाला, दार उघडलं. सिस्टरांनी पाणी दिलं. मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि त्या तिथेच हुंदके द्यायला लागल्या. लंबू आपल्या पायांनी गाडीपर्यंत आला, आत बसला आणि मूठ उघडून तात्यांपुढे धरली.

"चालवा," तो म्हणाला. "पण हळू."

आरोग्य केंद्रापर्यंत आम्ही असे गेलो की रस्त्यातल्या कोंबड्यासुद्धा उडाल्या नाहीत.

आता कालची सभा! खोली खचाखच भरलेली. मुख्य कार्यालयाचे तेच अधिकारी, पडद्यावर तीच तीन भोंग्यांची गाडी. सगळं छान चाललं होतं, आणि अधिकाऱ्यांनी घाव घातला. "प्रयोग छान आहे, पण एक गंभीर बाब माझ्या कानावर आली आहे. सरकारी गाडीची किल्ली एका मनोरुग्णाच्या हातात दिली. तो गाडी घेऊन गर्दीत घुसला असता तर? हवालदारावर कारवाई होईल आणि हा प्रयोग इथेच थांबेल."

तात्यांचा चेहरा उतरला. मॅडम म्हणाल्या, "जबाबदारी माझी." पण खोलीत कुजबुज सुरू झाली, कारण बोलणं अगदीच चूक नव्हतं. दुकानदार मान हलवायला लागला. मी खिडकीबाहेर तळमळत होतो. घालवलं सगळं, किल्लीनेच घालवलं!

मावशी उठल्या. या वेळी त्या मागे नाही, पुढे बसल्या होत्या आणि शेजारी लंबू होता.

"साहेब, गाडी तो चालवूच शकत नाही. मागल्या वेळी तुमच्या माणसांनी याला बेडी घातली, तेव्हापासून त्या हाताची पकड बसत नाही," त्या म्हणाल्या. "या वेळी त्याच हातात किल्ली ठेवली. तो घरी आल्यापासून रोज मला विचारतो, तात्या कसे आहेत. मी त्या दिवशी फोन केला नव्हता, दुकानदारांनी केला. तुम्ही आलात तेव्हा मी दारात आडवी उभी होते." त्या थांबल्या, मॅडमकडे वळल्या. "तुम्ही सहा महिने मागितले होते. आता परत वेळ आली तर फोन मी करीन."

बस्स! एवढंच बोलून त्या बसल्या.

मग हात वर झाले! आधी फळवाल्याचा, मग भांडीवालीचा, मग पहारी घेऊन आलेल्या त्या दोघांचा, मग इतके की मोजणाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. दुकानदाराचा हात कोपरापर्यंतच वर गेला. सिस्टरांनी डोळे वटारले तेव्हा, "माझ्या मागच्या दारी आणखी एक दिवा लावणार असाल तर," असं म्हणत त्याने तो पूर्ण वर केला. निधी मंजूर! गल्ल्यांना दिवे, गाडीला आणखी एक सिस्टर, शिपायांना सिस्टरांकडून शिकवणी. तात्यांवरची कारवाई म्हणजे 'पुन्हा असं करू नका' असं एक समजपत्र, ते मॅडमनी त्यांना पेढा दिल्यासारखं हसत हसत दिलं. आणि ती काळी गाडी आपले तिन्ही भोंगे घेऊन पडद्यावरून गेली!

माझं काय झालं म्हणता? तेच तर सांगायला बसलोय. माझ्याबद्दलही ठराव झाला. इतका चांगला भोंगा अडगळीत कशाला टाकायचा, असं तात्या म्हणाले, तेव्हा मला गहिवरून आलं. आमच्या अग्निशमन दलाची जुनी गाडी आहे, तिचा भोंगा कधीचा बसलाय. आग लागली की बिचारे घंटा बडवत जातात. तिथे मला पाठवायचं ठरलं. जिथे खरंच क्षणाक्षणाची घाई आहे, जिथे आगीत अडकलेला माणूस माझ्या आवाजाकडे कान लावून बसलेला असेल, तिथे! कारखान्यातून निघालो त्या दिवशीसुद्धा मी इतका उतावीळ नव्हतो.

आज सकाळी मेकॅनिक शिडी लावून वर चढला. माझी तार काढली, स्क्रू काढले. "खाली कुणीतरी धरा रे," तो म्हणाला. खाली लंबू उभा होता. गाडीच्या गादीला नवा अभ्रा शिवायचं काम मॅडमनी त्यालाच दिलंय, त्याचं माप घ्यायला आला होता. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. तात्या पुढे होणार तेवढ्यात लंबूनेच दोन्ही हात वर केले, एक सरळ, एक वाकडा. आणि मी त्या हातांत उतरलो.

तुमचा निरोप घेता घेता एकच सांगतो. तुमच्या गल्लीची राखण कशी करायची हे ठरवायला कधी सभा भरली, तर घरी बसू नका. जा, आणि माझ्यासारख्या मोठ्या आवाजावर भाळू नका. मागच्या बाकावरून कुणी हळू आवाजात काही विचारत असेल, तर ते आधी ऐका.

लंबूने मला पोटाशी धरलं. वाकड्या हाताची पकड बसत नव्हती, पण त्याने मला खाली ठेवलं नाही. फडक्याने माझी धूळ पुसली, तोंड जवळ आणलं, आणि लहान मुलाला पहिल्यांदा शाळेत धाडताना सांगावं तशा आवाजात म्हणाला,

"तिथे खुशाल ओरड."